संगणकाची राखण : फुकटची की विकतची?

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आता बऱ्याच गटांकडे एक तरी संगणक किंवा लॅपटॉप आला आहे. कुठे ग्रामसंघाच्या खोलीत आहे, कुठे अध्यक्षताईंच्या घरी, कुठे मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच गटाचा हिशोब चालतो. संगणक आला की त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो. दुकानदार म्हणतो, ‘अँटिव्हायरस घ्या, नाहीतर मशीन जाईल.’ पुतण्या म्हणतो, ‘काकू, फुकटचं मिळतं, पैसे कशाला घालवता?’ आणि बैठकीत कोणी तरी विचारतं, ‘दरवर्षी हा खर्च गटाने का करायचा?’ आज याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

उत्तर आधीच सांगून टाकते. संगणकातली विंडोज अस्सल आणि चालू मुदतीची असेल, तर बहुतेक घरांना फुकटची राखण पुरते. पैसे भरून राखण घ्यावी असे काही गट आहेत, ते कोणते तेही सांगते. पण आधी ही राखण करते काय, ते समजून घेऊ. न कळता घेतलेली वस्तू फुकट असली तरी महागच पडते.

व्हायरस म्हणजे कोणी तरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम. तो आपल्या संगणकात चोरून शिरतो आणि फाईली बिघडवतो, पासवर्ड चोरतो, नाहीतर सगळ्या फाईलींना कुलूप लावून खंडणी मागतो. या शेवटच्या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. अँटिव्हायरस म्हणजे वेशीवर बसलेला जागल्या. त्याच्याकडे माहितीतल्या चोरांची यादी असते. आत येणारी प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून बघतो. यादीत नसलेला कोणी आत येऊन भलतंच वागू लागला, तर चांगला जागल्या त्यालाही धरतो.

चोर रोज नवे येतात, म्हणून ही यादीही रोज नवी करावी लागते. आपल्या गाई-म्हशींचंच बघा ना. लाळ-खुरकूतची लस एकदा टोचली म्हणून जन्मभर पुरत नाही, दर सहा महिन्यांनी पुन्हा टोचावी लागते. अँटिव्हायरसचंही तसंच. तीन वर्षांपूर्वी टाकलेलं आणि कधीच अपडेट न केलेलं अँटिव्हायरस म्हणजे जुनी यादी घेऊन बसलेला म्हातारा जागल्या. त्याला नवा चोर ओळखू येत नाही.

हे चोर येतात कुठून? आपल्याकडची नेहमीची वाट म्हणजे पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, तिथल्या संगणकाला दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह लागलेले, त्यातून रोग आपल्याकडे आला. दुसरी वाट ईमेलची. ‘तुमचं बिल जोडलं आहे’ म्हणून आलेली फाईल उघडली की चोर घरात. तिसरी वाट म्हणजे फुकटात उतरवलेले चोरीचे प्रोग्राम आणि सिनेमे. ज्या प्रोग्रामला पैसे पडतात तो ‘क्रॅक’ करून कोणी आपल्याला फुकट देत असेल, तर त्याचा काय फायदा, हे एकदा विचारून बघा.

एका गटाची गोष्ट सांगते. पापड-कुरडया करणारा गट. बँकेला कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता. सचिवताईंनी दोन वर्षांचा हिशोब पेनड्राइव्हवर घेतला, प्रिंट काढून आणल्या, घरी येऊन पेनड्राइव्ह पुन्हा लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी एक छोटा बाण असलेलं चिन्ह. दाबलं तर काहीच उघडेना. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘फॉरमॅट करावं लागेल.’ फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्या ताई शहाण्या. म्हणाल्या, ‘पुसायचं असेल तर मी उद्याही पुसेन, आधी जाणकाराला दाखवते.’ तालुक्याच्या संगणक वर्गातल्या शिक्षिकेने बघितलं. फाईली कुठे गेल्याच नव्हत्या. या जातीचा व्हायरस फाईली पुसत नाही, नुसता दडवून ठेवतो आणि त्यांच्या जागी आपलं सोंग उभं करतो. आधी व्हायरस काढला, मग दडवलेल्या फाईली उघड्या केल्या. सगळा हिशोब परत मिळाला, प्रस्ताव वेळेवर गेला. म्हणून लक्षात ठेवा, घाबरून फॉरमॅट करू नका. आणि बाण असलेल्या त्या चिन्हावर पुन्हा पुन्हा दाबूही नका, कारण दर वेळी दाबलं की आपण त्या व्हायरसलाच हाक मारत असतो.

आता फुकटची राखण बघू. फुकटचे चार प्रकार आहेत आणि चारही सारखे नाहीत.

पहिला प्रकार विंडोजसोबतच येतो. विंडोज १० आणि विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचं अँटिव्हायरस मुळातच असतं. वेगळं उतरवावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, मुदत संपत नाही. अनेकींच्या लॅपटॉपवर हा जागल्या आधीपासून उभा आहे आणि त्यांना माहीतच नाही. आज घरी गेल्यावर बघा. स्टार्टचं बटण दाबून विंडोज सिक्युरिटी शोधा, ढालीचं चिन्ह दिसेल. आत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ समोर हिरवी बरोबरची खूण असेल, तर राखण चालू आहे. लाल फुली असेल तर काही तरी बंद आहे. पेनड्राइव्ह लावला की त्यावर माउसचं उजवं बटण दाबा, ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ असं येतं. तपासल्याशिवाय पेनड्राइव्ह उघडायचा नाही, एवढा नियम घराला लावा.

‘फुकटचं ते कसलं चांगलं असणार?’ असं कोणी म्हणेल. एके काळी ते खरंही होतं, सुरुवातीला डिफेंडर कच्चाच होता. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था नवनवे व्हायरस सोडून सगळ्या अँटिव्हायरसची परीक्षा घेतात, गुण देतात. गेल्या काही वर्षांत त्या परीक्षांत डिफेंडर पैसे घेणाऱ्यांच्या रांगेत बसला आहे.

दुसरा प्रकार म्हणजे कंपन्यांनी दिलेली फुकट आवृत्ती. अवास्ट, एव्हीजी, अविरा ही त्यातली माहितीतली नावं. राखण बरी करतात, पण मधूनमधून ‘पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या’ म्हणून पाटी पुढे करतात. आणि एक गोष्ट कानावर असू द्या. अवास्टने आपल्या वापरणाऱ्यांची माहिती, म्हणजे कोण इंटरनेटवर काय बघतं, हे आपल्याच दुसऱ्या कंपनीमार्फत विकल्याचं २०२० मध्ये उघडकीला आलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातल्या गोष्टी बाजारात सांगत होता म्हणायचा. म्हणून फुकट वस्तू घेताना एवढं विचारावं, की याचा खर्च निघतो कुठून?

तिसरा प्रकार फुकट नसतोच. नव्या लॅपटॉपवर एखादं अँटिव्हायरस एक महिना, कधी एक वर्ष चालेल असं टाकून देतात. मुदत संपली की ते रोज ओरडतं, ‘तुम्ही धोक्यात आहात, पैसे भरा.’ आपण खिडकी बंद करत राहतो. पण ते मुदत संपलेलं अँटिव्हायरस खुर्ची अडवून बसतं, नवी यादी घेत नाही. मग एक तर पैसे भरा, नाहीतर ते पूर्ण काढून टाका. काढलं की संगणक पुन्हा सुरू करा आणि डिफेंडरसमोर हिरवी खूण आली का ते बघा. दोन अँटिव्हायरस एकदम ठेवू नका. दोन जागले एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक मात्र बैलगाडीच्या चालीने चालतो.

चौथा प्रकार सगळ्यात वाईट. पैशाचं अँटिव्हायरस ‘क्रॅक’ करून पेनड्राइव्हवर देणारे असतात. चोराकडूनच कुलूप विकत घेण्याचा हा प्रकार आहे. ते घेऊच नका.

आता पैसे भरून काय मिळतं ते बघू. व्हायरस धरण्याचं मुख्य काम फुकटचं आणि विकतचं जवळपास सारखंच करतं. पैसे जातात ते वरच्या गोष्टींसाठी. पेनड्राइव्ह लावला की आपोआप तपासणं, बँकेचे व्यवहार वेगळ्या सुरक्षित खिडकीत उघडणं, मुलांसाठी नको ती पानं बंद ठेवणं, एकाच किल्लीवर दोन-तीन संगणक चालवणं. आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अडचण आली तर फोन करायला माणूस.

या धंद्यात आपली माणसंही आहेत. क्विक हील ही पुण्याची कंपनी. ती उभी करणारे कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या साध्या घरातले. शिक्षण दहावीपर्यंत, सुरुवात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले आणि त्यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिलं. के-सेव्हन चेन्नईची, ई-स्कॅन मुंबईची. मी कोणाची जाहिरात करत नाही. सांगायचं एवढंच, की आपल्याकडच्या कंपनीचं घेतलं तर आपल्या भाषेत बोलणारं माणूस मिळण्याची शक्यता जास्त. घेण्याआधी त्यांच्या मदतीच्या नंबरवर एकदा फोन लावून बघा. मराठीत बोलतात का, फोन उचलतात का. उत्तर तिथेच मिळेल.

किंमत एका संगणकाला वर्षाला काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत असते. विकत घेताना चार गोष्टी विचारा. किती संगणकांना चालतं? किती वर्षं? दुसऱ्या वर्षी किती पडतील? पहिल्या वर्षी सवलत देऊन पुढच्या वर्षी पूर्ण किंमत लावतात, म्हणून हे विचारायचंच. आणि चौथं, ऑनलाइन घेतलं तर दरवर्षी खात्यातून पैसे आपोआप कापायची परवानगी आपण देऊन बसलो का? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती सूचना वाचल्याशिवाय पुसू नका. पक्कं बिल घ्या, गटाच्या फाईलला लावा. आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी इंटरनेटवर उघडली तर ती खोटी समजा. नंबर लावू नका, पैसे भरू नका, खिडकी बंद करा. बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा सुरू करा.

मग कोणी काय घ्यावं?

घरात एकच लॅपटॉप आहे, मुलीचा अभ्यास आणि थोडा हिशोब त्यावर चालतो, विंडोज अस्सल आहे, अपडेट होते. अशा घराने डिफेंडर चालू ठेवावा. वाचलेल्या पैशातून हिशोबाची दुसरी प्रत ठेवायला एक चांगला पेनड्राइव्ह घ्यावा.

गटाची खोली आहे, दहा जणींचे हात लागतात, बाहेरचे पेनड्राइव्ह येतात, किंवा गटानेच झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र काढलंय, लोकांचे आधार आणि बँकेचे कागद तिथे येतात. तिथे विकतची राखण घ्यावी. गावात विचारायला जाणकार नसेल, तर त्या फोनवरच्या मदतीसाठीसुद्धा ते पैसे वसूल होतात. हा खर्च कुलूप-किल्लीच्या खर्चासारखा धरा.

संगणक जुना आहे, विंडोज ७ वर चालतो. इथे नीट ऐका. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबवली आणि विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० ला वाढीव मुदत मिळते, पण ती मर्यादित. दुरुस्ती थांबली म्हणजे भिंतीला पडलेलं नवं भोक कोणी बुजवत नाही. भिंत पडकी ठेवून दारात महागडा जागल्या बसवला तर काय उपयोग? आधी संगणक नव्या विंडोजवर नेता येतो का ते विचारा. येत नसेल तर लिनक्स ही फुकट आणि कायदेशीर व्यवस्था टाकता येते. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाचं लिनक्स बनवलं आहे, त्यात मराठीही आहे. यातलं काहीच जमणार नसेल तर त्या संगणकावर बँकेचं काम करू नका, टायपिंग आणि प्रिंटपुरता ठेवा.

भिंत बुजवणं किती महत्त्वाचं, याचं उदाहरण २०१७ च्या मे महिन्यातलं. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचेसुद्धा संगणक बंद पडले. आणि ते ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं होतं ते त्यातून वाचले.

आपल्याकडे अपडेट का राहतं, हेही मला माहीत आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालतो, डेटा संपतो, म्हणून अपडेट बंद करून ठेवतात. यावर उपाय आहे. अँटिव्हायरसची रोजची यादी लहान असते, ती कधीच अडवू नका. विंडोजचं मोठं अपडेट महिन्यातून एकदा येतं. त्यासाठी दिवस ठरवा. ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा कोणाकडे वायफाय असेल तिथे लॅपटॉप नेऊन दोन तास लावून ठेवा.

आता जे कुठलंच अँटिव्हायरस करू शकत नाही ते सांगते. आपण स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगितला, तर फुकटचं काय आणि विकतचं काय, दोन्ही गप्प बसतात. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी ॲप टाकायला लावलं आणि आपण टाकलं, तर दार आपणच उघडलेलं असतं. तसं काही झालंच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका फोन लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. संगणकात व्हायरस शिरलाय असं वाटलं, तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. २०१७ पासून त्यांच्या संकेतस्थळावर व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात.

आणि दुसरी प्रत. हिशोबाची प्रत दर बैठकीनंतर वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा आणि तो पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. संगणकाला लावूनच ठेवला तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप लावतं. कागदाचं कॅशबुक आणि सभासदांची पासबुकं बंद करू नका. नियमित हिशोब लिहिणं हे आपल्या पंचसूत्रीतलं सूत्र आहे, संगणक आला म्हणून ते सुटत नाही. ज्या गटाकडे हिशोबाची दुसरी प्रत आहे, त्या गटाला खंडणी मागणाऱ्याची भीती नाही.

शेवटी या आठवड्यात करायचं काम. पुढच्या बैठकीत संगणक मधोमध ठेवा आणि सगळ्या मिळून पाच प्रश्नांची उत्तरं शोधा. आपली विंडोज कोणती आणि अस्सल आहे का? अँटिव्हायरस कोणतं चालू आहे, एकच आहे ना? शेवटचं अपडेट कधी झालं? हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे? आणि पासवर्ड कोणाला माहीत आहे?

हा पाचवा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच गटांत पासवर्ड अध्यक्षांच्या मुलाला माहीत असतो, सचिवताईंना नसतो. पोरगा गुणी असेल, पण उद्या तो नोकरीला पुण्याला गेला की पंधरा बायकांच्या घामाचा हिशोब कुलूपबंद. बँकेत खात्यावर आपण सह्या दोघी-तिघींच्या ठेवतो ना? तसंच संगणकाचं काम दोघींनी शिकायचं. हिरवी खूण बघणं, पेनड्राइव्ह तपासणं, अपडेट करणं, प्रत काढणं. ही चार कामं यायला इंग्रजी फाडफाड यावं लागत नाही. ज्वारीत काणी आली की नाही हे लांबून ओळखणारे डोळे लाल-हिरवी खूण नक्की ओळखतील.

पाचही उत्तरं मिळाली, की फुकटची राखण पुरे की विकतची हवी, हे तुमचं तुम्हालाच कळेल. दुकानदाराला विचारायला नको आणि पुतण्यालाही नको. जे ठरेल ते इतिवृत्तात ठराव म्हणून लिहा, खर्च आणि जबाबदार दोघींची नावं घालून. अडलं तर पत्र लिहा, नाहीतर केंद्रावर येऊन भेटा.